बाईंची पेन्सिल

कॉलेजच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर आल्या त्या मराठीच्या बाई. पोर्च, लायब्ररीचा जिना, कँटीनचा बाक या सगळ्यांवर इतर मंडळी लिहितीलच. मला बाईंबद्दल लिहायचं आहे, तेही एकाच हिवाळ्याबद्दल, १९८२-८३ च्या.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या हॉकी संघात राइट आउट, म्हणजे आघाडीला उजव्या कडेने खेळत होतो. ग्वाल्हेरच्या मुलाला हॉकीचं वेड कसं लागतं हे सांगायला नको. कॅप्टन रूपसिंग आपल्याच गावात राहिले. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर चढवलेल्या २४ गोलांपैकी १० त्यांचे, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं. १ डिसेंबर १९८२ ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने आपल्याला ७-१ असं हरवलं. रेडिओभोवती बसलेलो आम्ही नऊ-दहा जण एकमेकांशी न बोलता उठलो. पुढे कितीतरी दिवस आमचं रडगाणं चालू होतं. शेवटी बाईंनी वर्गात पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "याच स्पर्धेत मुलींनी हॉकीचं सुवर्णपदक आणलंय. त्यांच्याबद्दल एक अक्षर आलं का तुमच्या तोंडून?" वर्ग गप्प झाला. मी तर मान वर करू शकलो नाही.

त्या हरण्याचा राग आम्ही आमच्याच पायांवर काढला. पहाटे सहाला मैदानावर हजर. धुकं इतकं की गोलकीपर दिसायचा नाही, नुसता त्याचा आवाज यायचा. जमीन दगडासारखी. अंग गरम करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. अशाच एका सकाळी चेंडूमागे सुसाट निघालो आणि मांडीच्या मागे फटका बसला. कुणाची तरी स्टिक लागली असं वाटून रागाने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

घरी आईने आंबेहळदीचा लेप लावला. मित्रांनी मालिशवाल्याकडे नेलं, त्याने दोन दिवस जोर लावून रगडलं आणि दुखणं वाढलं. आठ-दहा दिवसांनी चालताना काही जाणवेना, म्हणून पुन्हा मैदानात उतरलो. पुन्हा तीच कळ. महिन्याभरात असं तीनदा झालं. जानेवारीत आंतरमहाविद्यालयीन सामने होते, म्हणून संघात कुणाला कळू दिलं नाही.

कळलं ते बाईंना. स्नेहसंमेलनासाठी त्यांनी स्वतः एकांकिका लिहिली होती. जून १८५८, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं एक मराठी घर, रात्रीची वेळ. कोटा की सरायहून एक तरुण धावत येतो आणि राणीसाहेब पडल्याची बातमी सांगतो. तो तरुण मी. संध्याकाळच्या तालमीत दोनदा धावत आलो, तिसऱ्यांदा बाईंनी हात वर केला.

"रंगमंचाच्या पायऱ्या तू रोज डाव्या पायाने का चढतोस?"

"सवय आहे, बाई."

"मागच्या महिन्यात नव्हती."

बाकीच्यांना त्यांनी चहाला पाठवलं, मला समोर बसवलं आणि सगळं काढून घेतलं. रागावल्या नाहीत. पर्समधून मुरैन्याच्या गजकाचा पुडा काढला, कडकन मोडून अर्धी वडी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी दोनला फाटकापाशी उभा राहा."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसवून त्या मला रेसकोर्स रोडवरच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात घेऊन गेल्या. १८५७ च्या शताब्दीला, १९५७ साली राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने सुरू झालेली ती संस्था. तिथल्या एका प्राध्यापकांशी बाईंची ओळख होती. त्यांनी मला पालथं झोपवलं, गुडघ्यातून पाय वाकवायला लावून हाताने अडवून पाहिला. मग जे समजावलं ते आज मी माझ्या मुलांना शब्दशः सांगतो. स्नायूचे तंतू तुटलेत. पहिल्या दोन दिवसांत तिथे बर्फ हवा होता, रगडणं नव्हे. दुखणं आधी थांबतं, ताकद फार नंतर येते, आणि त्या मधल्या काळात जोरात पळणारा खेळाडू तिथेच पुन्हा मोडतो. त्यांनी व्यायाम दिला: उताणं झोपून, टाचा जमिनीवर दाबून कंबर उचलायची आणि दहा अंक मोजत सावकाश खाली आणायची. नंतर चालणं, मग निम्म्या वेगाने वीस मीटर. सहा आठवडे स्टिक हातात घ्यायची नाही.

परतताना टेम्पोत मी रडलो. बाईंनी खिडकीबाहेर पाहत माझा हात धरून ठेवला होता.

पुढच्या तालमीला त्यांनी संहिता उघडली, 'धावत येतो' यातला 'धावत' शब्द पेन्सिलने खोडला आणि वर लिहिलं, 'चालत'. मला वाटलं माझ्या पायासाठी केलं. तसं विचारलंही. बाई म्हणाल्या, "पायासाठी नाही. तीन कोस जिवाच्या आकांताने पळत आलेला माणूससुद्धा अशी बातमी घेऊन उंबऱ्याशी आला की थांबतो. आतल्या माणसांना अजून माहीत नाही, आणि त्यांना ती सांगायची आहे ती यालाच. तो आता पळेल कसा?"

आमचा सामना मी सीमारेषेबाहेर बसून पाहिला. आपण हरलो. बाई शाल घेऊन आल्या होत्या, शेवटची शिट्टी होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

प्रयोग दाल बाजारातल्या नाट्यमंदिरात झाला. विंगेतून बाहेर पडलो, सात पावलं चाललो आणि उंबऱ्याशी थांबलो. समोर घरातली आजी वाती वळत बसलेली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी अजून काही बोललो नव्हतो, पण तिच्या बोटांतली वात गळून पडली. सगळं प्रेक्षागृह गप्प. तसली शांतता मी नंतर कुठल्याच मैदानावर अनुभवली नाही.

पुढच्या वर्षी मी पूर्ण मोसम खेळलो. पस्तीस वर्षं बँकेत नोकरी केली. निवृत्तीनंतर आता कॉलनीतल्या बावीस मुला-मुलींना रोज सकाळी हॉकी शिकवतो. वीस मिनिटं अंग गरम केल्याशिवाय एकालाही स्टिक देत नाही. गेल्या वर्षी त्यातली एक मुलगी राज्याच्या संघात निवडली गेली, तेव्हा बाई हव्या होत्या असं फार वाटलं.

मागच्या दिवाळीत कॉलेजात डोकावलो. मैदानाच्या निम्म्या भागात गाड्या उभ्या असतात. मराठीच्या वर्गाला कुलूप होतं. विद्यार्थीच येत नाहीत, असं शिपाई म्हणाला. मला तिथे फार वेळ थांबवेना. बाईंच्या शेवटच्या आजारपणात मी बदलीच्या गावी होतो. जाऊ, जाऊ म्हणत राहिलो आणि गेलो नाही. ते मला अजून खातं.

ती संहिता माझ्याकडे आहे. कडा पिवळ्या पडल्यात, पेन्सिलीचा तो शब्द मात्र स्पष्ट वाचता येतो. महोत्सवाच्या दिवशी मी ती घेऊन येणार आहे. ग्रंथालयात मराठीचं कपाट अजून असेल तर ती तिथे ठेवून घ्यावी, एवढी समितीला विनंती.