लेपसने माझे मार्क खाल्ले

ज्यांनी झूऑलॉजीचं प्रॅक्टिकल दिलंय त्यांना 'स्पॉटिंग' म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, टेबलांवर ओळीने काचेचे जार मांडलेले असतात, प्रत्येकावर नंबर चिकटवलेला, तुम्ही एकापुढे उभं राहायचं, दोन मिनिटांत तो प्राणी ओळखायचा, त्याचा फायलम (मोठा गट) आणि क्लास (त्यातला पोटगट) लिहायचा आणि 'तुम्ही असं का म्हणता' याची दोन कारणं द्यायची. मग घंटी वाजते आणि सगळे एक पाऊल पुढे सरकतात. मागचा जार परत बघायला मिळत नाही.

माझा घोळ सहा नंबरला झाला. आत बोटाएवढा रबरी देठ, त्याच्या टोकाला चपटा पांढरट शिंपला, आणि शिंपल्याच्या फटीतून पिसांसारखं काहीतरी कुरळं बाहेर आलेलं. शिंपला म्हणजे मोलस्का, गोगलगायी-शिंपल्यांचा गट, यात विचार काय करायचा! ठोकून दिलं. फायलम मोलस्का, क्लास बायव्हाल्व्हिया, कारण एक, दोन शिंपले दिसतात, कारण दोन, कल्ले बाहेर आलेत. वर उरलेल्या वेळात अक्षर नीट काढलं.

बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "सहा नंबर लेपस होता ना?" मी म्हटलं कोण लेपस. तर म्हणाली, "अगं बार्नॅकल, खडकांना-बोटींना चिकटून बसतात ते! खेकड्याच्या घरातला आहे तो." मला वाटलं माझी खेचतेय.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी तोच जार परत मागितला. मॅडमनी मोठं भिंग दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "शिंपले किती आहेत ते मोज." मोजले तर दोन नाहीत, पाच निघाले. दोन मोठे, दोन लहान आणि पाठीवर एक बाकदार पट्टी. "आता ते तुझे कल्ले बघ." नीट बघितलं तर ते कल्ले नव्हतेच, ते पाय होते. सहा जोड्या, प्रत्येक पायाला पुढे दोन फाटे, प्रत्येक फाट्याला बारीक बारीक सांधे आणि सांध्यांवर केस. सांधे असलेले पाय म्हणजे आर्थ्रोपोडा, खेकड्या-कीटकांचा गट, हे मला पाठ होतं, पाठ असून उपयोग काय, समोर होतं ते दिसलंच नाही. आणि त्याहून भारी म्हणजे तो रबरी देठ, ती त्याच्या डोक्याची बाजू. हा प्राणी लहानपणी एकदा डोकं चिकटवतो ते कायमचं, आणि मग जन्मभर वर पाय करून पाण्यातलं जे येईल ते पायाने तोंडात ढकलत बसतो.

मी जरा पडलेल्या चेहऱ्याने बसले असणार, कारण मॅडम म्हणाल्या की ही चूक तुझ्या आधी फार मोठ्या माणसांनी केलीये. आणि खरंच केलीये. जॉर्जेस क्युव्हिए हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ, एका हाडावरून आख्खा प्राणी सांगतो अशी ज्याची ख्याती होती, त्याने बार्नॅकलला मोलस्कातच घातलं होतं. (हे वाचून मला जो आनंद झाला तो मार्क मिळून झाला नसता.) चूक निस्तरली ती जॉन व्हॉन थॉम्पसन नावाच्या एका लष्करी डॉक्टरने. समुद्राच्या पाण्यातून बारीक जाळी ओढून तो त्यात काय काय येतं ते बघायचा, त्यातले काही पोहणारे चिमुकले जीव त्याने काचेच्या भांड्यात ठेवले आणि थोड्या दिवसांनी बघतो तर त्यांनी कात टाकलेली आणि तळाला चिकटून त्यांचे बार्नॅकल झालेले. हे त्याने १८३० मध्ये छापलं आणि बार्नॅकल शिंपल्यांच्या कपाटातून खेकडे-झिंग्यांच्या कपाटात आले. नंतर डार्विनने याच प्राण्यांवर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घालवली, शेवटी शेवटी तो त्यांना वैतागला होता म्हणे. मी तर दोन मिनिटांतच वैतागले होते.

पण त्या दिवशी डोक्यात एक गोष्ट बसली. जारमधला प्राणी एकाच वयाचा असतो. त्याच्या आयुष्यातला एक दिवस आपण बघतो आणि तोही मेल्यानंतरचा. त्यात प्राणी टिकवायला जारमध्ये भरलेलं फॉर्मॅलिन रंग खाऊन टाकतं, त्यामुळे आख्ख्या कपाटात एकच रंग, मळकट पिवळसर. जिवंतपणी डोळ्याचं पातं लवायच्या आत रंग बदलणारा ऑक्टोपस आणि शेजारचा गोगलगायीसारखा कोणीतरी, दोघं एकाच धोब्याकडून धुऊन आल्यासारखे. सी ॲनिमोन तर नुसता गोळा, फुलासारखा उघडलेला असतो वगैरे पुस्तकात. लॅबवाल्या काकांनी सांगितलं की आधी गुंगी न देता डायरेक्ट फॉर्मॅलिनमध्ये टाकला की तो अंग आक्रसून घेतो आणि मग तसाच राहतो. म्हणजे आम्ही जर्नलमध्ये मन लावून काढत होतो ते ॲनिमोनचं चित्र नव्हतंच, त्याने घाबरून मिटून घेतल्याचं चित्र होतं. त्यावरही लेबलं, उजव्या बाजूला, पट्टीने रेघ मारून, शेडिंग न करता.

मग मी प्रत्येक जारसमोर एकच प्रश्न विचारायला लागले, हा लहानपणी कसा होता? आणि उत्तरं भन्नाट निघायला लागली.

तारामासा बघा. पाच हात, पुढचं-मागचं काही नाही, डावं-उजवं नाही, आपल्याशी याचा काय संबंध असं वाटतं. पण त्याची अळी आपल्यासारखी डाव्या-उजव्या बाजूची असते, मोठं होताना सगळं मोडून तो पाच दिशांचा होतो.

आणि कपाटाच्या कोपऱ्यात हर्डमानिया होता, त्याच्याकडे मी वर्षभर ढुंकून बघितलं नव्हतं. हर्डमानिया म्हणजे सी स्क्वर्ट. दिसायला एक चामडी बटाटा, वर दोन भोकं, एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. मी मनातल्या मनात त्याला स्पंज समजून मोकळी झाले होते, स्पॉटिंगला आला असता तर तेही मार्क गेले असते. पण याची अळी बेडकाच्या पिल्लासारखी, शेपूट असलेली, आणि त्या शेपटीत नोटोकॉर्ड, म्हणजे आपल्या पाठीच्या कण्याच्या आधीची दांडी. थोडा वेळ पोहते, दगड बघते, डोकं टेकवते, शेपूट विरघळते, दांडी गेली, बटाटा झाला. अलेक्झांडर कोव्हालेव्हस्की या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये हे दाखवून दिलं, तोपर्यंत यालाही मोलस्कांच्या आसपासच कुठेतरी बसवायचे. म्हणजे अख्ख्या लॅबमधल्या गोगलगायी, गांडुळं, खेकडे, तारामासे यांच्यापेक्षा तो बटाटा माझा जवळचा नातेवाईक. हे कळल्यावर मी दोन मिनिटं त्याच्यासमोर उगाच उभी राहिले.

बाकी आमच्या कपाटात अर्ध्याहून जास्त जार मासे, बेडूक, सापांचे होते. कीटकांच्या नशिबी दोन पेट्या, टाचणीला टोचलेले. खरं तर नुसत्या भुंग्यांच्याच (म्हणजे बीटल्सच्या) नाव दिलेल्या जाती ४ लाखांच्या आसपास आहेत आणि सगळे सस्तन प्राणी मिळून ६,५०० च्या आसपास. पण वाघाची कवटी बघायला सगळे येतात, भुंगा बघायला कोण येणार.

वर्षाच्या शेवटी एकदाचं काहीतरी जिवंत मिळालं. काकांनी आर्टेमियाची, म्हणजे झिंग्याच्या एका चिमुकल्या नातेवाईकाची, अंडी आणली, दिसायला तपकिरी धूळ, चिमूटभर मिठाच्या पाण्यात टाकली आणि वर दिवा लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर पाण्यात केशरी ठिपके झटके देत फिरतायत. मी ड्रॉपरने एक थेंब स्लाइडवर घेतला आणि मायक्रोस्कोपच्या लो पॉवरला लावला. मधोमध एकच काळा डोळा आणि हातपायांच्या तीन जोड्या, त्यातली एक मोठी, वल्ह्यासारखी मारत निघालेला. फोकस करेपर्यंत फील्डच्या बाहेर. परत शोधला, परत बाहेर.

"याला नॉप्लियस म्हणतात," मॅडम मागून म्हणाल्या. "तुझा लेपस अंड्यातून निघतो तेव्हा जवळपास असाच असतो, फक्त त्याला पुढे दोन शिंगं असतात."

मी चित्र काढायला घेतलं. पाय काढून झाले तोवर तो गायब, डोळा दुसऱ्याच कोणाचा बघून काढला, त्यामुळे तो जरा वाकडा आलाय, एक वल्हं दुसऱ्यापेक्षा लांब झालंय आणि पानावर मिठाच्या पाण्याचा डाग पडलाय. मॅडमनी सही करताना डागाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि 'नीटनेटकेपणा'चा एक मार्क कापला. तोही लेपसच्याच खात्यात मांडलाय मी.