तुम्ही विचारलंत म्हणून: सेइंग म्हणजे म्हणच ना?

गिरगावात संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेतो. दर बॅचला हा प्रश्न येतोच, तोही नेमका मी खडू खाली ठेवल्यावर. साडेआठ वाजलेले असतात, लोकांना चर्नी रोड गाठायचं असतं, मग मी ‘हो’ म्हणून सुटतो. आज जरा नीट सांगतो.

शब्दाची घडण बघितलीत तर ‘से’पासून ‘सेइंग’ आणि ‘म्हणणे’पासून ‘म्हण’. दोन्हीकडे लोक म्हणत राहिले म्हणून म्हण झाली. ‘प्रॉव्हर्ब’ आला लॅटिनमधून. पण शाळेत आपण ‘प्रॉव्हर्ब म्हणजे म्हण’ एवढंच घोकलं आणि सेइंग बिचारं वर्गाबाहेर राहिलं.

सेइंग प्रॉव्हर्बपेक्षा ऐसपैस आहे, इतकंच. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ दोन्हींत बसतं. पण आमची आजी म्हणायची, ‘चाळीत भिंतीला नाही, नळाला कान असतात.’ पाण्याच्या रांगेत सगळ्या मजल्यांच्या बातम्या कळायच्या, त्यावरून. हे तिचं सेइंग. प्रॉव्हर्ब म्हणायला ते आमच्या मजल्याबाहेर तरी जायला हवं होतं!

खरी गंमत वापरात. एका विद्यार्थिनीने साहेबांना पाठवायच्या ईमेलात लिहिलं, ‘अ‍ॅज द सेइंग इज गोइंग’. मी विचारलं, ‘कुठे निघाली? बोरिवली फास्ट?’ वर्ग हसला, तीही हसली. मग तिलाच विचारलं, मराठीत काय म्हणाल? ‘म्हणतात ना.’ ‘म्हणत आहेत ना’ का नाही? कारण ते आत्ता कुणी म्हणत नाहीये, नेहमीच म्हणतात. इंग्रजीतही तसंच: ‘अ‍ॅज द सेइंग गोज’. म्हणीच्या आधी टाका, नाहीतर मागून जोडा, ‘बेटर लेट दॅन नेव्हर, अ‍ॅज द सेइंग गोज’. पण ‘गोज’च.

‘अ‍ॅडेज’ही त्याच घरातला, पण त्याचा अर्थच मुळात ‘जुनी म्हण’, म्हणून ‘ओल्ड अ‍ॅडेज’ म्हणजे पिवळा पितांबर. इंग्रज सर्रास म्हणतात, तुम्हीही म्हणा. आणि ‘ओल्ड सॉ’ म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेली म्हण. हा ‘सॉ’ ‘से’च्याच गोतातला, पण स्पेलिंग करवतीचं. एकाच्या वहीत ‘ओल्ड सॉ = जुनी करवत’ लिहिलेलं सापडलं. इतकी वापरल्यावर धार जाणारच, म्हणून मी ते खोडलं नाही.