दीड दिवसाची वजाबाकी

दोन तारखांमधलं अंतर काढणं म्हणजे साधी वजाबाकी, असं ज्याला वाटतं त्याने गणपतीत ठाण्यात एक चक्कर मारावी. २०२५ मध्ये चतुर्थी होती २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या हिशेबाने मध्ये दहा दिवस. पण मंडळात प्रसादाची पाळी अकरा घरांना लावावी लागते. आणि दुसऱ्याच संध्याकाळी विसर्जनाला तलावपाळीकडे निघालेले घरचे गणपती? कोड म्हणतो एक, बोटं म्हणतात दोन, आपण बिनदिक्कत दीड म्हणतो.

यंत्राच्या लेखी दिवस नसतोच. १ जानेवारी १९७० ला यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र झाली, तेव्हापासूनचे मिलिसेकंद तेवढे असतात. एकातून दुसरे वजा करा, एका दिवसातल्या ८,६४,००,००० मिलिसेकंदांनी भागा, झालं. होत मात्र नाही. '२०२५-०८-२७' अशी तारीख अक्षरांत दिली की ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. तीच वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे देऊन बनवली की ठाण्यातली मध्यरात्र. (त्यातही महिने शून्यापासून, म्हणजे ऑगस्टला ७ लिहायचं. ही खोड काही समर्थनीय नाही.) सुरुवातीची तारीख पहिल्या तऱ्हेने आणि शेवटची दुसऱ्या तऱ्हेने आली, की साडेपाच तास कमी पडतात आणि अपूर्णांक छाटताना अख्खा दिवस गळतो.

ऐरोलीत बसून अमेरिकेतल्या क्लायंटसाठी कोड लिहिणाऱ्यांचा ताप आणखी वेगळा. ९ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कने उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केली. तो दिवस तेवीसच तासांचा. तिथल्या वेळेने भागाकार एकापेक्षा कमी, छाटला की शून्य. म्हणून नुसत्या तारखा असतील तर दोन्ही यूटीसीत घ्याव्यात. तिथे सगळे दिवस चोवीस तासांचे.

एवढं करूनही पहिला आणि शेवटचा दिवस, ही दोन टोकं धरायची की सोडायची, हे कोडाला कळत नाही. रजेच्या अर्जात दोन्ही धरतात, हॉटेलात रात्री मोजतात, आणि आपल्याला येणाऱ्या कागदावर नुसतं 'दिवस' लिहिलेलं असतं. आमच्या सोसायटीच्या हॉल बुकिंगचा फॉर्म करताना मी सेक्रेटरीकाकांना आधी तेच विचारलं. शनिवार ते रविवार म्हणजे भाडं किती दिवसांचं?

"दोन. पण मुंजवाले शुक्रवारी रात्रीच भांडी आणून टाकतात. त्याचे नको हं घेऊ."

भांड्यांसाठी फॉर्मवर वेगळी चौकट करावी लागली.