शिट्टी कधी वाजवायची? माझ्या पंच परीक्षेचा अनुभव

बास्केटबॉल पंचांच्या परीक्षेत लेखी पेपरचं दडपण मला नव्हतं. बीपच्या तालावर पळायची वीस मीटरची बीप टेस्टही धापा टाकत पार पडली. धाकधूक होती ती प्रत्यक्ष सामन्याची. आमच्या खानापूर-बेळगाव भागात पावसाळा म्हणजे धो धो पाऊस. वर पत्रे, बाजू उघड्या, वाऱ्याबरोबर पाणी थेट कोर्टावर. त्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. फाऊल, ट्रॅव्हलिंग (बॉल हातात धरून जादा पावलं टाकणं) यांवर सगळे तासन्‌तास बोलतात; सामान बिघडलं तर खेळ कधी थांबवायचा, याचा सराव मात्र कुणी घेत नाही.

तयारी करून घेणाऱ्या सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती. "आधी बघायचं, कुणाला इजा होईल का. होणार असेल तर बॉल कुणाकडेही असू दे, शिट्टी वाजवायची. नसेल, तर बॉल ताब्यात असलेल्या संघाचा डाव मोडायचा नाही."

सामन्यात पहिल्यांदा जाळी उलटून रिंगवर अडकली. बॉल तोवर दुसऱ्या टोकाला गेला होता. मी थांबले. बॉल बाहेर गेला, तेव्हाच काठीने जाळी सोडवून घेतली.

मग शॉट क्लॉकचा, म्हणजे शॉट मारायला किती वेळ उरला ते दाखवणाऱ्या घड्याळाचा, भोंगा उगाच वाजला. बॉलवाला संघ न अडखळता खेळत राहिला. चुकून वाजलेल्या भोंग्याकडे दुर्लक्ष करायचं, हा नियमच आहे. त्या आवाजाने ताब्यातल्या संघाचं नुकसान झालं असतं, तरच खेळ थांबवून घड्याळ दुरुस्त करायचं आणि बॉल त्यांनाच द्यायचा.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये रिंगखाली पाणी साचलं. एक मुलगी ड्राइव्ह करत, म्हणजे बॉल टप्पे देत रिंगकडे मुसंडी मारत, नेमकी तिकडेच निघाली होती. मी लगेच शिट्टी वाजवली. तिचे कोच ओरडले, आणि त्यांचा राग मला कळत होता. हातची बास्केट गेली होती. पण ओल्या फरशीवर गुडघा गेला, तर त्या पोरीचा पुढचा सगळा खेळ जातो. फरशी पुसून घेतली आणि थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकणं) तिच्याच संघाला दिला, जिथे खेळ थांबला त्याच्या जवळून.

परीक्षकांनी तिथेच विचारलं, "याक निल्लिसिद्री?" का थांबवलंत? मी कन्नड-मराठी मिसळून कारण सांगितलं. पुढचा प्रश्न लगेच आला : शॉट हवेत असताना शिट्टी वाजली असती तर? बॉल डेड होत नाही, म्हणजे तो शॉट रद्द होत नाही; पडली तर बास्केट धरायची, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मी पास झाले. नियमाप्रमाणे पंचांचे अधिकार सामन्याच्या 20 मिनिटं आधीच सुरू होतात. शाळेच्या सामन्यांनाही मी तेव्हाच हजर असते. रिंगचे बोल्ट हलवून बघते, जाळीच्या गाठी तपासते, टेबलावर हातातलं स्टॉपवॉच आणि रिंगजवळ कोरडं फडकं ठेवायला सांगते.