परसातलं गवत

फाटकाची कडी वाजली की माझा हात आपसूक खिशाकडे जातो. वयाचं लक्षण असेल, किंवा गोव्यात जन्म काढल्याचं. जत्रा, भजनी सप्ताह, क्रिकेटची टुर्नामेंट, पावतीपुस्तक घेऊन कुणीतरी उभं असतंच. आश्विनातल्या त्या शनिवारी दुपारी जेवून नुकता आडवा झालो होतो. फाटकाशी पाच-सहा पोरं दिसली आणि मी अर्धवट झोपेत एक्कावन्न रुपये काढले.

"वर्गणी नाका काका, काम जाय," पुढची मुलगी म्हणाली.

आता आली का पंचाईत! वर्गणीवाल्यांसाठी माझ्याकडे सगळं तयार असतं. रक्कम ठरलेली, "मागच्या वर्षीपेक्षा जास्त नाही हं" हे वाक्य ठरलेलं. काम मागणाऱ्याला काय म्हणायचं?

नववीचा वर्ग होता. सहल रायगडला. बसचं भाडं वाढलं, घरी मागून झालं, उरलेले आपण जमवायचे असं वर्गात ठरलं. बाईंच्या मनात लाडू-चिवडा विकायचा होता, पण मुलांनी हात वर करून गवत निवडलं. मुलीच्या हातात वही होती आणि वहीत दर. अंगण झाडणं, गवत काढणं, पडलेल्या झावळ्या ओढून एका जागी लावणं.

"साप निघाला तर दर वेगळा का?"

"साप निघाला तर काम बंद," ती म्हणाली.

आमच्या फोंड्याकडे पावसाळ्यात परस आपला राहत नाही. चवथीला विहिरीपर्यंतची वाट तेवढी कापून घ्यायची. बाकी सगळं टाकळा, लाजाळू आणि रानमोडीच्या हवाली. पाऊस ओसरला की ग्रास कटरवाल्याला फोन करावा. तो दर वेळी "फाल्यां येतां" म्हणतो, आणि त्याचं ते उद्या दिवाळी ओलांडून तुळशीच्या लग्नापर्यंत जातं. तेव्हा मी पोरांना हो म्हटलं.

सहांतल्या एकालाच विळा धरता येत होता. तो मुठीत बुडखा पकडून खसाखस कापत होता. दुसरा नवे कोरे हातमोजे घालून फोटो काढून घेत होता. मी पायरीवर बसून देखरेख करू लागलो आणि मलाच अवघडल्यासारखं झालं. मजूर असता तर "तिकडचं राहिलं रे" म्हटलं असतं. हा तर वरच्या वाड्यातल्या माझ्या वर्गमित्राचा नातू. शिवाय खराटा घरापासून फाटकाकडे मारायचा, उलटा नाही, हा आमच्या घरचा दंडक. पोरी मन मानेल तिथून झाडत होत्या. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी बायकोने त्यांना चहा-पावही दिला आणि कोकम सरबतही. म्हणजे मजूरही झाले, पाहुणेही झाले.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काय रे, राज्याभिषेक कधी झाला?"

"1674. काका, हे गवत कुठं टाकू?"

आमची सहल नार्व्याची होती. सप्तकोटेश्वर, येताना हरवळ्याचा धबधबा. महाराजांनी 1668 मध्ये त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, हे मास्तरांनी बसमध्ये इतक्यांदा सांगितलं की आजही झोपेतून उठवून विचारा. त्या सहलीसाठी आम्ही आधीच्या मे महिन्यात काजूबिया गोळा केल्या होत्या. डोंगर दुसऱ्यांचे, पण पडलेली बी कुणाचीही आणि झाडावरची मालकाची, असा आमचा कायदा होता. फांदी कुणी हलवली असं मालकाने विचारलं तर वारा. बोंडू पिळून बी वेगळी करायची, रस सदऱ्यावर. तो डाग जन्मात जात नाही, त्यामुळे गावातल्या प्रत्येक पोराचा एक सदरा फक्त काजूचा असायचा. बिया अंगणात वाळवायच्या आणि पिशवी घेऊन दुकानावर. दुकानदार एक बी कानाशी धरून हलवायचा. "ओली आहे, अजून दोन ऊन दाखव." आम्ही ऊन दाखवलं. मग त्याने तोललं, वही काढली आणि सगळी रक्कम आमच्या घरच्या उधारीतून वळती करून टाकली.

माझ्या सहलीचं असं रॉकेल झालं, साबण झाला. वडलांनी डिसेंबरात सहलीचे पैसे दिले, कुठून आणले ते मी विचारलं नाही. पण त्या दुकानदाराचा राग मात्र अजून आहे. वास्तविक त्याचं काही चुकलं नव्हतं.

पाचच्या सुमारास पोरांनी परस असा काही लख्ख केला की मला तो ओळखेना. मुलीने पैसे मोजून घेतले, वहीत लिहिले, माझी सही घेतली. सही कशाला ते कळलं नाही. गवत त्यांनी टेम्पोत घालून नेलं. चला, तेही काम वाचलं.

रात्री बायकोने विचारलं, "सुरणाची काठी कुठाय?"

सुरणाचं पान दिवाळीच्या सुमाराला पिवळं पडून लोळतं, मग खाली कंद आहे याची वर काही खूण उरत नाही. म्हणून आईने काठी पुरून तिला लाल चिंधी बांधली होती. लागवड तिनेच केली होती, गेल्या वर्षी. या वर्षी ती नाही. पोरांनी पान काढलं, काठी काढली, वर खराटाही मारला.

मंगळवारी पुन्हा कडी वाजली. तीच पोरं, पण हातात पावतीपुस्तक.

"काका, नरकासुराची वर्गणी."

आता मात्र माझं सगळं तयार होतं. दिले एक्कावन्न.

चतुर्दशीला पहाटे चारला नाक्यावर गेलो. नरकासुर दोन मजली होता. पोट फुगलेलं, फाटल्या कागदातून वाळलेलं गवत बाहेर आलेलं. शेजारी गुरव उभे होते, त्यांना म्हटलं, "हे आमच्या परसातलं."

"पोटातलं की पायातलं?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात कुणीतरी खालून काडी लावली. फटाके सुरू झाले, मान कलली, तलवारीचा हात खाली आला. मनगटाशी, कागदाच्या आत, काहीतरी लाल होतं. चिंधी असेल, किंवा नुसता रंग. बघेपर्यंत पेटलं.

घरी येऊन अभ्यंगस्नान केलं, कारीट फोडलं. मग परसात जाऊन दोन ठिकाणी खणून पाहिलं.