कुकीवर ठेवलेल्या आइस्क्रीमचा हिशेब

कुकी आणि आइस्क्रीम एकत्र खाताना मी नेहमी आइस्क्रीमलाच दोष देत असे. वेष्टनांवरचे आकडे नीट वाचल्यावर मात्र हा समज बदलावा लागला. साध्या व्हॅनिला आइस्क्रीमच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 200 कॅलरी असतात, तर तेवढ्याच वजनाच्या चॉकलेट चिप कुकीमध्ये त्या 450 ते 500 पर्यंत जातात, कारण आइस्क्रीममध्ये निम्म्याहून अधिक पाणी असते आणि कुकीतले बरेचसे पाणी भट्टीतच उडून मैदा, साखर व लोणी तेवढे दाटीने उरते. (स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून 9 कॅलरी मिळतात, साखरेच्या एका ग्रॅममधून 4.)

आइस्क्रीमची लबाडी निराळी आहे. थंडीमुळे जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून त्यात साखर अधिक घालावी लागते. वितळलेले आइस्क्रीम नकोसे गोड लागते ते यामुळेच. शिवाय घोटताना त्यात हवा मिसळते, त्यामुळे हलक्या आणि घट्ट आइस्क्रीमच्या सारख्याच वाटीत वजन बरेच वेगळे भरते. मी आता वाटी सोडून वजनकाटा वापरते. दुधातले कॅल्शियम आणि प्रथिने मिळतात हे खरे, पण त्यासाठी हा पदार्थ खाणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालणे होय.