रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४११ : सायलेन्सरचा शोध, नोंद चौथी

ओडोमीटर ४१,३१० किलोमीटर. नवा सायलेन्सर गाडीवर चढून आज अकराशे किलोमीटर झाले. मागच्या नोंदीत स्टॉक (कंपनीच्या) सायलेन्सरचा ब्रॅकेट तुटल्याचं लिहिलं होतं. त्यानंतर तीन वेगवेगळे स्लिप-ऑन (फक्त मागचा सायलेन्सर बदलतो ते) लावून पाहिले. शेवटी ठेवला तो लांब, गोल, ३०४ प्रकारच्या स्टेनलेसचा, डीबी किलर (तोंडात बसणारा, आवाज दाबणारा, काढता येणारा भाग) आतच ठेवलेला. बेंड पाइप, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतची नळी, कंपनीचाच आहे.

सुरुवात मित्राकडून आणलेल्या आखूड सायलेन्सरने केली. पार्किंगमध्ये रेस केली तेव्हा आवाज इतका भरदार आला, की तिथेच ठरवून टाकावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरी. मलकापूरपर्यंत मजा आली. घाट उतरून पालीच्या पुढे गेल्यावर डोकं जड व्हायला लागलं, आणि रत्नागिरीत चहा घ्यायला थांबलो तेव्हा टपरीवाल्या काकांना दोनदा विचारावं लागलं, "काय म्हणालात?"

याचं कारण नंतर गणित मांडल्यावर कळलं. टॉप गिअरला ताशी ८५ च्या आसपास माझ्या गाडीचा टॅको इंजिनच्या मिनिटाला ४२०० फेऱ्या दाखवतो. सिंगल सिलेंडर फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एक स्फोट : मिनिटाला २१००, सेकंदाला ३५. हा ३५ हर्ट्झचा घुमारा कानातल्या फोमच्या बोळ्यांनी फारसा अडत नाही, तो हेल्मेटमधून आणि हाडांतून आत येतो. पार्किंगमध्ये आपण ऐकतो ते वरचे सूर. लांबच्या प्रवासात सोबत असतो तो हा खालचा. सायलेन्सर जितका आखूड आणि पोटात जितका लहान, तितका हा सूर अडवणं त्याला अवघड. म्हणून कुठलाही सायलेन्सर जागेवर उभ्या गाडीवर पसंत करू नका, निदान दोन तास एकाच वेगात चालवून बघा. कानाचा हिशोब कडक आहे : ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला फक्त एक तास. हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज एवढा असतो, की सायलेन्सरसाठी फारशी जागा उरत नाही.

मोजायची पद्धत एकच ठेवली. नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत, इंजिन ३२५० आरपीएमवर (कमाल ताकद ६५०० ला मिळते, त्याच्या निम्म्यावर). फोनवरच्या ॲपचा आकडा खरा मानू नका, पण एकाच फोनने एकाच जागी घेतलेला फरक कामाचा असतो. आखूडवाला स्टॉकपेक्षा ९ डेसिबल वर होता. आत्ताचा ३ ने वर आहे, डीबी किलर काढला की ११ ने. बरेच जण इथला आकडा १७५ सीसीवरच्या गाड्यांच्या ८० डेसिबलच्या मर्यादेशी ताडून बघतात. ती मर्यादा साडेसात मीटरवरून, वेग घेत जाणाऱ्या गाडीची आहे. नुसत्या अंतरानेच अर्ध्या मीटरपासून तिथपर्यंत २३ डेसिबल उतरतात, त्यामुळे ही तुलना होत नाही.

बॅगेचा मुद्दा मात्र कोणी बोलत नाही. हिमालयनचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला. आखूड असला की त्याचं तोंड बरोबर सॅडल बॅगेच्या पोटाखाली येतं. रत्नागिरीत बॅग काढली तर खालचा पट्टा कडक होऊन आकसला होता. लांब सायलेन्सरचं तोंड बॅगेच्या मागे जातं. बॅग भरून, कोणालातरी मागे बसवून, चार बोटांचं अंतर उरतंय का ते बघा. रिकाम्या गाडीवर सगळेच सायलेन्सर बसतात.

दुसरा सायलेन्सर दिसायला देखणा होता. खिशात चुंबक होता तो लावला, चटकन चिकटला. ३०४ ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, ४०९ या दुसऱ्या स्टेनलेसला चिकटतो. ४०९ वाईट नाही, उष्णता चांगली सोसतं, पण त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास आणि ३०४ मध्ये १८. दर पावसाळ्यानंतर मालवण-देवगड करणाऱ्या माझ्यासारख्याला खाऱ्या हवेत हा फरक दिसतो. तो परत केला.

तिसरा, म्हणजे आत्ताचा, पहिल्या आठवड्यात गॅस सोडला की फटफट करायचा. मला वाटलं मिश्रण लीन झालंय (हवा जास्त, पेट्रोल कमी), रीमॅप लागणार, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलावं लागणार. उद्यमनगरात एका वेल्डिंगवाल्या मामांना दाखवलं. त्यांनी सांध्यापाशी हात धरला आणि म्हणाले, "पाइपात काय न्हाई, सांध्यातनं हवा वडतंय." तसंच होतं. थ्रॉटल बंद केल्यावर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये येतं, फटीतून ओढलेली हवा त्याला मिळते आणि ते तिथेच पेटतं. मामांनी लेथवर बाही काढून दिली, आर्गन वेल्डिंगने जोडली, ग्रॅफाइट गॅस्केट घातली. त्यात फटफट संपली. रीमॅपचे पैसे वाचले.

फुल सिस्टिम, म्हणजे बेंड पाइपसकट सगळं नवं, का नाही? या गाडीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बेंड पाइपमध्ये आहे, ऑक्सिजन मोजणारा ओटू सेन्सरही तिथेच. हा पाइप बदलला की धूर आणि वास मागच्या गाडीवाल्याच्या नाकात, आणि इंजिनचा मेळ बिघडतो तो वेगळाच. मला ते पटत नाही. कायद्याचंही स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. आवाजासाठी कलम १९०(२) आहे : २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. नळीवर युरोपचा ई-मार्क (तिथल्या मंजुरीचा शिक्का) असला तरी इथे तो परवाना ठरत नाही. डीबी किलर काढून फिरणाऱ्यांची बाजू मी कधीच घेणार नाही. आमच्या गल्लीत एक तान्हं बाळ आहे. पहाटे साडेचारला निघताना मी गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेतो आणि तिथे चालू करतो, या सायलेन्सरवरही.

मागच्या शनिवारी मालवणहून तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा असा परतलो. काट्यावर अडीच किलो वजन घटलंय, ते गाडी स्टँडवरून उचलताना कळतं, चालवताना नाही. घाटात पिकअप पूर्वीसारखाच, ॲव्हरेज तीसच्या आसपास, तेही पूर्वीचंच. ३२ न्यूटन मीटरच्या इंजिनाला स्लिप-ऑनने पंख फुटत नाहीत. पण गगनबावड्याला गरम भजी खाताना शेजारच्या टेबलावरचं बोलणं नीट ऐकू येत होतं, आणि मला हवं होतं ते हेच.

डीबी किलरचा बोल्ट दोनदा ढिला सापडला. आता त्याला लॉक वायर घातली आहे. ४५,००० ला मागचं झाकण उघडून आतलं आवाज शोषणारं ग्लासवूल किती दबलंय ते बघेन आणि त्याच जागी, त्याच फोनने पुन्हा मोजेन.